आविष्कारला व्यायामाचा प्रोजेक्ट न्यायचाय? आधी स्टूल मोजा

दरवर्षी पावसाळा अर्धा सरला की ज्युनिअर पोरांचे मेसेज सुरू होतात. दादा आविष्कारला काय टॉपिक घेऊ, कॉलेजात धड ट्रेडमिल नाहीये, गाईड म्हणतात काहीतरी नवीन आणा. प्रत्येकाला वेगळं टाइप करून कंटाळा आला म्हणून एकदाच सगळं लिहितोय. मी फिजिओथेरपीवाला, दोनदा गेलोय, पहिल्यांदा पोस्टरसमोर उभ्या उभ्या घाम फुटला आणि दुसऱ्यांदा बरं झालं, त्यामुळे काय करू नये हे मला जरा जास्तच नीट माहितीये.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, आविष्कार म्हणजे महाराष्ट्रातल्या विद्यापीठांचं संशोधन संमेलन, २००६ पासून राज्यपाल कार्यालयाच्या पुढाकाराने चालू आहे. आधी खालच्या फेऱ्या, मग विद्यापीठाची, मग राज्याची. विषयांचे सहा गट असतात आणि यूजी, पीजी, त्याच्या वरचे असे वेगवेगळे स्तर. आपण मेडिसिन-फार्मसीच्या गटात पडतो, पण तुम्ही बीएससी किंवा बीपीएडवाले असाल तर कुठल्या गटात बसता ते कॉलेजच्या कोऑर्डिनेटरला पहिल्याच दिवशी विचारा. फॉर्म भरून झाल्यावर गट बदलायला पळापळ करणारी पोरं मी बघितलीयेत.

आता टॉपिक. सगळ्यांना मोठ्ठा टॉपिक पाहिजे असतो, 'तरुणांमधील हृदय-श्वसन क्षमता आणि जीवनशैली' वगैरे. असलं काही घेऊ नका. प्रश्न इतका छोटा पाहिजे की घरी आईला एका वाक्यात सांगता आला पाहिजे. आपल्याकडे तर विषय रस्त्यावर पडलेत. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं पहाटे ग्राउंडवर १६०० मीटर मारतात, मुली ८०० मारतात. गणपतीआधी महिना-दीड महिना ढोल-ताशा पथकांचा सराव चालतो, कमरेला ढोल बांधून दोन-दोन तास वाजवतात, त्यांच्या हार्ट रेटचं काय होतं? कबड्डीच्या तालमी आहेत, मल्लखांब आहे. मी दुसऱ्या वर्षी भरतीची पोरं घेतली आणि प्रश्न एवढाच ठेवला, की आठ आठवडे अकॅडमीत पळाल्यावर स्टेप टेस्टमधला, म्हणजे स्टूलवर ठरलेल्या तालात चढ-उतर करून झाल्यावरचा, पल्स किती उतरतो. त्याच पोरांना आधी मोजलं, नंतर मोजलं, संपलं.

मशीन नाही म्हणून रडायचं नाही. क्वीन्स कॉलेज स्टेप टेस्ट १९७२ ची आहे आणि तिला लागतं काय, तर एक स्टूल, एक मेट्रोनोम (ठरलेल्या तालात टिकटिक करणारं यंत्र) आणि एक घड्याळ. स्टूलची उंची १६.२५ इंच म्हणजे ४१.३ सेंमी. तीन मिनिटं चढ-उतर करायची, मुलांनी मिनिटाला २४ वेळा, मुलींनी २२ वेळा. वर-वर-खाली-खाली असे चार ठोके एका चढ-उतरीला लागतात म्हणून मेट्रोनोम मुलांसाठी ९६ ला आणि मुलींसाठी ८८ ला लावायचा, ॲप फुकट मिळतं. तीन मिनिटं झाली की तसंच उभं राहायचं आणि पाचव्या सेकंदापासून विसाव्या सेकंदापर्यंत पल्स मोजायचा, म्हणजे १५ सेकंद, त्याला चारने गुणायचं. मग मुलांसाठी १११.३३ वजा (०.४२ गुणिले हार्ट रेट) आणि मुलींसाठी ६५.८१ वजा (०.१८४७ गुणिले हार्ट रेट). जो आकडा येतो तो व्हीओटू मॅक्सचा, म्हणजे पूर्ण जोर लावल्यावर शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं त्याचा अंदाज, दर किलो वजनामागे दर मिनिटाला इतके मिली ऑक्सिजन.

अंदाज! हा शब्द पोस्टरवर लिहा, भिंतीवर लिहा, तळहातावर लिहा. पहिल्या वर्षी मी परीक्षकांसमोर छाती काढून बोललो की आम्ही व्हीओटू मॅक्स मोजला. सर शांतपणे म्हणाले, अरे वा, गॅस ॲनालायझर होता का तुमच्याकडे? श्वासातला ऑक्सिजन मोजणारं ते मशीन आमच्याकडे नव्हतं. मग मोजला कशाने? मी गप्प. मग त्यांनी विचारलं स्टूल किती उंचीचं होतं, मी म्हटलं सोळा इंच, ते म्हणाले वरचा पाव इंच कुठे गेला? घरी येऊन टेप लावली तर ते प्लास्टर रूममधलं जुनं स्टूल साडेपंधरा इंच निघालं. म्हणजे आमची सगळी पोरं जवळजवळ पाच टक्के कमी चढली होती, त्यांचा पल्स कमी आला आणि आम्ही खुशाल लिहिलं की आमच्या कॉलेजची पोरं लय फिट आहेत.

म्हणून सांगतो, सुताराकडे जा आणि स्टूल नवं बनवून घ्या, त्याला इंच सांगू नका, सेंटीमीटर सांगा, आणि समोर उभं राहून टेप लावून घ्या कारण सुतार 'पाव इंचाने काय होतंय' म्हणतोच. चारी पाय टेकले पाहिजेत, वर खरखरीत रबर चिकटवा, मोजे घालून चढलेलं पोरगं घसरलं की प्रोजेक्ट तिथंच संपला. फरशीवर मॅट टाकणार असाल तर उंची मॅटपासून मोजा, हे आमच्यातल्या एका मुलीच्या लक्षात आलं, माझ्या नाही.

पल्सचंही तसंच. १५ सेकंदात एक ठोका चुकला की चारने गुणल्यावर चार ठोक्यांची चूक होते. ३८ मोजले तर हार्ट रेट १५२, आकडा येतो ४७.५. ३९ मोजले तर १५६, आकडा ४५.८. एका ठोक्यात पावणेदोन गेले, आणि आठ आठवड्यांच्या पळण्याने होणारा फरक कधीकधी दोन-चारचाच असतो. मुलींच्या सूत्रात गुणक लहान आहे म्हणून तिथं तीच चूक पाऊणच्या आसपास पडते. उपाय सोपा आहे, दोघांनी मोजायचं, एकाने उजव्या मनगटावर दुसऱ्याने डाव्या, एकमेकांना न सांगता कागदावर लिहायचं आणि मग ताडून बघायचं. गळ्यावर मोजायची हौस असेल तर हलकं धरा, जोरात दाबलं की तिथल्या रक्तदाब ओळखणाऱ्या बॅरोरिसेप्टरमुळे हार्ट रेटच खाली येतो. हार्ट रेट मोजणारा छातीचा पट्टा मिळाला तर उत्तमच. आणि खऱ्या टेस्टच्या आधी निदान आठवडाभर मित्रांवर सराव करा, आम्ही मेसच्या बाहेर रात्री जेवणाआधी करायचो, आख्खं होस्टेल चढून गेलं त्या स्टूलवरून.

बाकी नियम म्हणजे जड जेवण होऊन दोन-तीन तास झालेले पाहिजेत, त्याआधी चहा-कॉफी-सिगरेट नाही, आदल्या दिवशी रगडून व्यायाम नाही, आणि आधीची व नंतरची टेस्ट दिवसाच्या एकाच वेळी. ऊन विसरू नका. उकाड्यात त्याच कामाला हार्ट रेट जास्त येतो, म्हणजे पहिली टेस्ट ऑक्टोबर हीटमध्ये दुपारी आणि दुसरी डिसेंबरच्या थंडीत सकाळी घेतली तर पोरं न पळताही फिट झालेली दिसतील. खोलीचं तापमान लिहून ठेवा, दीडशे रुपयांचा थर्मामीटर मिळतो, आणि हे पोस्टरवर एका ओळीत टाकलंत तर परीक्षकाचा चेहरा बदलतो, खरं सांगतो.

एथिक्स कमिटीचं काम सगळ्यात आधी. आधी डेटा घेऊन मागून परवानगीची तारीख जुळवायचा सल्ला देणारे महाभाग भेटतील, ऐकू नका. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक सूचना आहेत त्या निदान चाळा. कमिटीची मीटिंग रोज नसते, त्यामुळे जूनमध्ये कागद दिला तर कुठे ऑगस्टपर्यंत हातात पत्र येतं. संमतीपत्र मराठीत पाहिजे, आणि तेही माणसांच्या मराठीत, 'सदर अभ्यासात सहभागी होण्यास माझी हरकत नाही' एवढं लिहून भागत नाही, त्याला कळलं पाहिजे की तीन मिनिटं स्टूलवर चढायचंय, दम लागेल, कधीही थांबता येईल. अठराच्या खालचं पोरगं असेल तर आईवडिलांची सही आणि त्याचा स्वतःचा होकार दोन्ही. टेस्टआधी छातीत दुखतं का, चक्कर येते का, घरात कोणी तरुणपणी अचानक गेलंय का हे विचारणारी प्रश्नावली भरून घ्या. आमच्यात एकाला बीपी निघालं, त्याला बाहेर काढून ओपीडीला पाठवलं. तो भरतीला चाललेला आणि त्याला काही पत्ताच नव्हता. आणि तुम्ही स्वतः कुणाला व्यायाम देऊन परिणाम बघणार असाल तर तो ट्रायल होतो, सीटीआरआयवर, म्हणजे भारतातल्या क्लिनिकल ट्रायल्सच्या नोंदवहीत, पहिला माणूस घेण्याआधी नोंदणी करावी लागते, १ एप्रिल २०१८ पासून मागाहून नोंदणी चालत नाही. आमची पोरं अकॅडमीत आपली आपण पळतच होती, आम्ही फक्त मोजलं, आणि ते तसंच आहे हे कमिटीकडून लिहून घेतलं.

सॅम्पल साईझ, म्हणजे माणसं किती घ्यायची. 'तीसच का?' हा प्रश्न येणार म्हणजे येणारच, आणि 'सर वेळ कमी होता' हे उत्तर नाही. बरीच पोरं फोर-पीक्यू-बाय-डी-स्क्वेअर टाकून मोकळी होतात, अरे बाबांनो ते टक्केवारी काढायचं सूत्र आहे, दोन सरासऱ्यांची तुलना करायला ते कशाला? दोन वेगळे गट असतील तर अंदाजासाठी सोपा हिशोब, एसडीला (स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पसरलेत ते) अपेक्षित फरकाने भागा, वर्ग करा, १६ ने गुणा. एसडी ५ आणि फरक ४ धरला तर प्रत्येक गटात २५ येतात. हे ८० टक्के पॉवरसाठी, म्हणजे फरक खरंच असेल तर तो सापडायची शक्यता ८० टक्के. त्याच माणसांचं आधी-नंतर असेल तर सहसा कमी लागतात, 'जी-पॉवर' नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे त्यात काढा. वर पाच-सहा जास्त घ्या, कारण पोरं गावाला जातात, कुणाचा पाय मुरगळतो, कुणाला नोकरी लागते.

आकड्यांना स्टॅटिस्टिक्सची टेस्ट कुठली लावायची त्यावरून भांडणं होतात पण आपल्यासारख्याला दोनच गोष्टी लक्षात ठेवायच्या. तीच माणसं दोनदा मोजली तर पेअर्ड, वेगळी माणसं असतील तर अनपेअर्ड. सॉफ्टवेअर पी व्हॅल्यू (खरा फरक नसताना निव्वळ योगायोगाने एवढा फरक दिसायची शक्यता) ०.००० दाखवतं, ती तशीच छापू नका, ०.००१ पेक्षा कमी असं लिहा. आणि पीच्या आधी फरक सांगा, पल्स सरासरी किती ठोक्यांनी उतरला ते, कारण परीक्षकाला त्यात रस असतो. आमच्याकडे काही पोरांचा पल्स उतरलाच नाही, एकाचा तर वाढला. गाईड मॅडम म्हणाल्या ते ठिपके ग्राफमध्ये ठेवायचे. ठेवले. सगळ्यात जास्त प्रश्न त्याच ठिपक्यावर आले आणि मला उत्तर माहीत होतं, तो मुलगा त्या आठवड्यात तापातून उठला होता, वहीत लिहिलेलं होतं.

ॲबस्ट्रॅक्टला जास्त वेळ घालवू नका, शब्दमर्यादा पाळा आणि निकालात आकडे टाका, 'लक्षणीय सुधारणा आढळली' एवढंच नको.

पोस्टरवर मजकूर कमी. साईझ परिपत्रकात दिलेला असतो तोच, 'थोडा मोठा चालतो' म्हणणाऱ्याचं पोस्टर बोर्डावर मावत नाही. चार-पाच फुटांवरून ग्राफ कळला पाहिजे, म्हणून एकच मोठा ग्राफ, प्रत्येक पोराची आधी-नंतरची रेघ दाखवणारा. स्टूलचा फोटो टाका, शेजारी टेप धरून. फ्लेक्सवाल्याकडे पीडीएफच न्या, नाहीतर त्याच्या कॉम्प्युटरवर आपल्या मराठी जोडाक्षरांची वाट लागते आणि 'हृदय' चं काय होतं ते बघवत नाही. आदल्या दिवशी छापा, त्याच दिवशी सकाळी नाही. सोबत डबल टेप, कात्री, पुशपिना.

परीक्षक समोर आले की तीन मिनिटं मिळतात, त्यात पार्श्वभूमी सांगत बसू नका, प्रश्न काय, मोजलं कसं, निघालं काय. मग ते खोदतात. हमखास येणारे प्रश्न म्हणजे पल्सवरून ऑक्सिजन कसा कळतो? तर स्टूल तेच, ताल तोच, म्हणजे दर किलोला ऑक्सिजनची गरज साधारण सारखीच, ज्याचं हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलतं त्याला कमी ठोक्यांत भागतं आणि थांबल्यावर पल्स लवकर खालीही येतो. फिकचं समीकरण तोंडपाठ पाहिजे, ऑक्सिजनचा वापर बरोबर कार्डिॲक आउटपुट (हृदय मिनिटाला ढकलतं तेवढं रक्त) गुणिले धमनी आणि शिरेतल्या ऑक्सिजनचा फरक. दुसरा प्रश्न, हे सूत्र अमेरिकेतल्या कॉलेजच्या मुलांवरून काढलेलं, आपल्या पोरांना कसं लावलं? चांगला प्रश्न आहे. कोलकात्याच्या संशोधकांनी २००४ मध्ये ही टेस्ट भारतीय तरुणांवर तपासून पाहिलीये, तो पेपर वाचून जा. शिवाय आम्ही सांगितलं की आमचा मुख्य निकाल पल्सच आहे, व्हीओटू मॅक्स फक्त सोबत दिलाय. कोणी जास्तीत जास्त हार्ट रेटचं २२० वजा वय हे सूत्र काढलं तर घाबरू नका, २००१ चं २०८ वजा ०.७ गुणिले वय हेही सूत्र आहे, विशीच्या पोराला एकात २०० येतात आणि दुसऱ्यात १९४, दोन्ही सरासरीच, माणसामाणसात दहा-बारा ठोके सहज इकडेतिकडे. आणि येत नसेल तर 'हे मी बघितलं नाही सर' म्हणा, फेकू नका, समोरचा तीस वर्षं तेच शिकवतोय.

स्टूल सोबत न्या. आम्ही नेलं होतं, पोस्टरच्या खाली ठेवलं, आणि एक मॅडम खरंच साडी सावरून दोनदा चढून उतरल्या, म्हणाल्या बाई गं, हे तीन मिनिटं? मी म्हटलं हो मॅडम, मुलांनी ७२ वेळा, म्हणजे जवळपास दहा मजले. त्यानंतर शेजारच्या पोस्टरवालेही आमच्याकडे येऊन उभे. येताना एसटीत कंडक्टर स्टूलवरून कुरकुरला, पण गाडी गच्च भरली तेव्हा त्याच स्टूलवर एक आजी बसून आल्या, थेट तालुक्यापर्यंत.