दोन शेडमधली कोणती? आधी पुठ्ठे रंगवा

शेड कार्डावरची ती दोन बोटांएवढी चौकट बघून भिंतीचा रंग ठरवू नका, प्लीज. आमच्याकडे बेडरूमसाठी दोनच शेड उरल्या होत्या, एक फिका ग्रे आणि एक क्रीम, दुकानात दोन्ही झकास दिसत होत्या. पेंटर म्हणाला भिंतीवरच दोन पट्टे मारून देतो, पण जुनी भिंत पीच, तिच्या शेजारी ग्रे चक्क निळा दिसायला लागला.

मग काय केलं ते सांगते. दोन्ही शेडचे सगळ्यात छोटे डबे आणले, टीव्हीच्या खोक्याचे दोन मोठे पुठ्ठे कापले (निदान दोन बाय दोन फूट घ्या), आधी पांढरा प्रायमर, मग दोन कोट, आणि कडेनं इंचभर पांढरी पट्टी सोडली म्हणजे जुना रंग मधे लुडबुड करत नाही. ओलं असताना मत बनवू नका, इमल्शन (भिंतीचा पाण्यात मिसळणारा रंग) वाळलं की बहुतेकदा थोडं गडद होतं, एक रात्र जाऊ द्या.

आता पुठ्ठे एकाच जागी टेकवून बसायचं नाही. खिडकीसमोर ठेवा, मग खिडकीच्याच भिंतीला जिथे उजेड कमी असतो तिथे, सकाळी, दुपारी आणि रात्री दिवे लावून. खरा खेळ दिव्यांचाच आहे. 6500 केल्विनच्या (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा कमी तसा उजेड पिवळसर) पांढऱ्या ट्यूबमध्ये आमचा ग्रे एकदम दवाखाना वाटला, आई तर म्हणाली "सलाईन कुठंय?", आणि तोच 3000 च्या पिवळसर बल्बखाली मस्त मऊ दिसला. क्रीमचं उलटं, त्या बल्बखाली पार पिवळंधम्मक, आणि दुपारी खिडकीबाहेरच्या आंब्यामुळे हिरवट झाक.

हां, आणि पुठ्ठा मधोमध दुमडून कोपऱ्यात पण उभा करून बघा. दोन बाजू एकमेकींवर रंग फेकतात त्यामुळे शेड गडद वाटते, चारी भिंती रंगवल्यावर साधारण तसंच होतं.

शेजारी शेजारी ठेवायचे ते फक्त झाक ओळखायला, निवडताना एकेक बघा, नाहीतर फरक उगाच जास्त वाटतो. फिनिश मात्र दोन्हीचं सेम घ्या, एक मॅट आणि एक चकचकीत असेल तर काय डोंबल कळणार.

आम्ही बेडरूममधे असतो रात्रीच, म्हणून रात्रीचं मत धरलं, ग्रे घेतला आणि ट्यूब काढून टाकली. डब्यावरच्या शेड कोडचा फोटो मोबाईलमधे ठेवलाय, टचअपला लागतो.