मोबाईलसाठी लोकेशनवाली वेब अ‍ॅप: या चुका टाळा

लॅपटॉपवर सगळं सुरळीत आणि मोबाईलवर लोकेशनच येत नाही? कोड उकरायच्या आधी पत्ता बघा. लोकलहोस्टला, म्हणजे लॅपटॉपच्या स्वतःसाठीच्या पत्त्याला, ब्राउझर सुरक्षित धरतो. फोनवर मात्र आपण त्याच लॅपटॉपचा १९२.१६८ वाला पत्ता साध्या एचटीटीपीवर उघडतो आणि तिथे नकार मिळतो. क्रोमने तर २०१६ पासूनच, आवृत्ती ५० मध्ये, हा दरवाजा बंद केला. एचटीटीपीएस, म्हणजे एचटीटीपीचं सुरक्षित रूप, लावा, पुढचं बोलू.

पान उघडल्या उघडल्या परवानगी मागू नका. लोक न वाचता 'ब्लॉक' दाबतात आणि मग ब्राउझर पुन्हा विचारतही नाही, थेट एरर कोड १ (परवानगी नाकारली) येतो. 'जवळची दुकानं दाखवा' असं बटण दाबल्यावरच विचारा. नकार मिळालाच तर पिनकोड टाकायची सोय हवी.

सगळ्यात महागात पडते ती चूक वेगळीच: मिळालेला बिंदू खरा मानणं. प्रत्येक उत्तरासोबत अ‍ॅक्युरसी येते, मीटरमध्ये: खरी जागा त्या बिंदूपासून किती दूर असू शकते तो आकडा. ती कुणी वाचतच नाही! आयओएस १४ आणि अँड्रॉइड १२ पासून वापरकर्ता फक्त अंदाजे लोकेशन देऊ शकतो; तेव्हा हा आकडा हजारांत जातो. अ‍ॅक्युरसी २,००० असताना 'दुकान १२० मीटरवर' हे कशाच्या जोरावर सांगायचं? नकाशावर टाचणीऐवजी तेवढ्या त्रिज्येचं वर्तुळ काढा आणि अंतर 'सुमारे' म्हणून दाखवा.

यावर उपाय म्हणून हाय अ‍ॅक्युरसी (जास्तीत जास्त अचूक लोकेशन मागणारा पर्याय) चालू करून मोकळं होणारेही पुष्कळ. इमारतीच्या आत जीपीएस चाचपडत बसतं, बॅटरी खातं. त्यात टाइमआउट, म्हणजे किती वेळ वाट पाहायची ती मर्यादा, दिली नसेल तर ती आपोआप अनंत धरली जाते, म्हणजे चकरी फिरतच राहणार. १० सेकंद द्या. कोड ३ (वेळ संपली) आला की हाय अ‍ॅक्युरसी बंद करून पुन्हा मागा, एखाद्या मिनिटापूर्वीचं लोकेशनही चालवून घ्या. वॉचपोझिशन (लोकेशनचा सतत माग) लावलंत तर काम झाल्यावर क्लिअरवॉच करून तो थांबवा.

आणि दुकानं भलत्याच समुद्रात दिसली तर? जिओजेसनमध्ये (नकाशाची माहिती साठवायचा फॉरमॅट) आधी रेखांश असतो, लीफलेटला (वेबवर नकाशा दाखवणारी लायब्ररी) आधी अक्षांश लागतो. पुण्याचे १८.५२ आणि ७३.८५ उलटे पडले की टाचणी नॉर्वेच्या उत्तरेला, बेअर आयलंडजवळच्या पाण्यात. अ‍ॅप भारतापुरतं असेल तर अक्षांश ६ ते ३८ आणि रेखांश ६८ ते ९८ यांच्या बाहेरचा आकडा सर्व्हरवरच अडवा.