जीडीआय हँडल: या चुका टाळा, निदान तिसऱ्यांदा तरी करू नका

जीडीआय म्हणजे विंडोजचा चित्रं काढणारा भाग, आणि हँडल म्हणजे त्यातल्या एकेका वस्तूचा क्रमांक. हँडल घेऊन परत केली नाहीत की ती संपतात. तेव्हाची लक्षणं ठरलेली असतात. टूलबारवरची चिन्हं काळी पडतात, एखादं बटण उमटतच नाही, अक्षरं अचानक जाड आणि बेढब दिसायला लागतात. प्रोग्राम बंद करून उघडला की सगळं पुन्हा लख्ख. मग कुणीतरी म्हणतं रॅम कमी पडतेय, कुणी ग्राफिक्स ड्रायव्हरला शिव्या घालतं. टास्क मॅनेजर उघडून ‘जीडीआय ऑब्जेक्ट्स’चा कॉलम दाखवायला मात्र कुणाचाच हात जात नाही. तो कॉलम आधी लावा. आकडा दहा हजाराला टेकलेला दिसला तर रॅमचा विषय तिथेच संपवा, कारण विंडोजमध्ये एका प्रोसेसला, म्हणजे एका चालू प्रोग्रामला, मुळात १०,००० जीडीआय हँडलच मिळतात.

हे असं का, ते थोडक्यात. विंडोज एनटी ४.० पासून, म्हणजे १९९६ पासून, चित्र काढण्याचा हा कारभार कर्नलमध्ये, म्हणजे विंडोजच्या गाभ्यात, चालतो. ब्रश, पेन, बिटमॅप, फॉन्ट हे सगळं तिथे. तुमच्या हातात येतं ते हँडल, म्हणजे नुसता एक आकडा. तो पॉइंटर नव्हे. त्याचे खालचे १६ बिट सांगतात की सेशनच्या (एका लॉगिनमध्ये चालणाऱ्या सगळ्या प्रोग्रामच्या) सामायिक टेबलात तुमचा खण कितवा. वरच्या १६ बिटांत वस्तूचा प्रकार आणि एक शिक्का असतो. खण रिकामा होऊन पुन्हा वापरला गेला की शिक्का बदलतो, त्यामुळे जुनं हँडल घेऊन कुणी आलं तर कर्नल त्याला दारातच ओळखतो.

उदाहरणार्थ, हेक्साडेसिमलमध्ये ३५०५०८४१ हे हँडल घ्या. ०८४१ हा खण, ३५ हा शिक्का, आणि मधलं ०५ म्हणजे बिटमॅप. तिथे ०१ असेल तर डीसी (डिव्हाइस कॉन्टेक्स्ट, ज्यावर चित्र काढायचं तो फलक), ०४ असेल तर रीजन (आखलेला आकार), १० म्हणजे ब्रश, ३० म्हणजे पेन. ही रचना डीबग करताना डोळ्यांनी वाचण्यापुरती वापरा. तिच्यावर विसंबून कोड लिहिणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, त्यांचा कोड तपासायला घेणंच टाळतो.

चूक पहिली: ‘मी तर काही तयारच केलं नाही’

माझी सगळ्यात नावडती चूक हीच, कारण ती मी स्वतः केली आहे.

एक प्रोग्राम होता, भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनवर दिवसरात्र चालणारा. यंत्रांची स्थिती दाखवायचा, दर मिनिटाला एक चिन्ह बदलायचा. सोमवारी सकाळी नऊला सुरू केला की गुरुवारी दुपारी साधारण तीन-सव्वातीनला त्याचा चेहरा काळा व्हायचा. गुरुवारी दुपारी नेटवर्कवर बॅकअप चालायचा, त्यामुळे सगळं खापर बॅकअपवर. दोन आठवडे बॅकअपची वेळ मागेपुढे करण्यात गेले. मग एका सुट्टीमुळे प्रोग्राम शुक्रवारी सकाळी नऊला सुरू झाला आणि सोमवारी दुपारी तीनला गेला. बॅकअप निर्दोष सुटला.

तेव्हा कुठे कागदावर हिशोब मांडला. सुरुवातीला सहाशेच्या आसपास हँडल. दहा हजारपर्यंत उरले ९,४००. सोमवार नऊ ते गुरुवार तीन-सव्वातीन म्हणजे सुमारे ७८ तास, ४,७०० मिनिटं. मिनिटाला बरोबर दोन. दर मिनिटाला आम्ही करत होतो एकच गोष्ट: चिन्हाची रुंदी-उंची काढायला गेटआयकॉनइन्फो या विंडोजच्या फंक्शनला हाक. कोड मी दहादा वाचला होता. त्यात ‘क्रिएट’ने सुरू होणारी एकही हाक नव्हती, म्हणून मी निर्धास्त होतो. पण गेटआयकॉनइन्फो नावाने ‘गेट’ असलं तरी दर वेळी मास्कचा (कुठला भाग पारदर्शक ते सांगणारा) आणि रंगाचा असे दोन नवे बिटमॅप बनवून देतं, आणि ते डिलीटऑब्जेक्टने पुसायची जबाबदारी आपली. कागदपत्रांत हे स्पष्ट लिहिलेलं आहे. मी ते पान अर्धंच वाचलं होतं. लॉगमध्ये हँडल छापून पाहिली तर ओळीने सगळ्यांच्या पोटात ०५.

दुरुस्ती दोन ओळींची. पण त्याआधी एका हुशार माणसाने रजिस्ट्रीतला (विंडोजच्या सेटिंगच्या कोठारातला) जीडीआयप्रोसेसहँडलकोटा, म्हणजे एका प्रोसेसची हँडलमर्यादा, ६५,५३६ वर नेऊन ठेवला होता. प्रोग्राम तीन आठवडे चालला, सगळ्यांनी त्याची पाठ थोपटली. मग एके दिवशी आमच्यासोबत अख्खा डेस्कटॉप गेला, कारण संपूर्ण सेशनची कमाल मर्यादाही ६५,५३६च आहे. आमची गळती आता शेजाऱ्यांच्या वाट्याचे खण खात होती. कोटा वाढवणं म्हणजे गळक्या नळाखाली मोठी बादली ठेवणं. मग रात्री दोनला प्रोग्राम आपोआप रीस्टार्ट होईल असं लावणारे त्याच जातीचे, फक्त त्यांची बादली रोज कुणीतरी ओतून येतं.

तेव्हापासूनची माझी सवय: कुठलंही हँडल हाती आलं की ते परत कसं करायचं, ती ओळ आधी लिहायची, वापर नंतर. गेटडीसीला रिलीजडीसी, तेही त्याच थ्रेडवरून (प्रोग्राममधल्या कामाच्या त्याच धाग्यावरून). क्रिएटकंपॅटिबलडीसीला डिलीटडीसी. बिगिनपेंटला एंडपेंट. डॉटनेटमध्ये गेटएचबिटमॅप केलंत तर डिलीटऑब्जेक्ट तुम्हीच करायचं, मेमरी आपोआप साफ करणारा गार्बेज कलेक्टर त्या बिटमॅपकडे ढुंकूनही पाहणार नाही.

चूक दुसरी: डीसीत बसलेल्या वस्तूला पुसणं

डीसीत वस्तू बसवणारं सिलेक्टऑब्जेक्ट तिथली जुनी वस्तू परत देतं. ती सांभाळून ठेवा, काम झालं की पुन्हा बसवा, मगच आपली वस्तू पुसा. बिटमॅप डीसीत बसलेला असताना डिलीटऑब्जेक्ट नकार देतं, आणि त्याचं उत्तर कोण तपासतं? कुणीच नाही. तो नकार म्हणजेच तुमची गळती. एकच बिटमॅप एका वेळी दोन डीसींत बसत नाही, हेही लक्षात असू द्या. दुसरा सिलेक्टऑब्जेक्ट शून्य देतो आणि लोक तासभर रिकाम्या चौकोनाकडे बघत बसतात.

चूक तिसरी: ‘कर्नल लॉक लावतो ना, मग थ्रेडची काळजी कशाला?’

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता वादही घालत नाही, सरळ कागद ओढतो.

कर्नलचं लॉक असतं, खरं आहे. ते दोन तऱ्हेचं. डीसीसारख्या वस्तूवर एकट्याचा हक्क सांगणारं लॉक लागतं: त्यावर नोंद असते की ही आत्ता अमुक थ्रेडच्या ताब्यात आहे. ब्रशसारख्या वस्तूंना सामायिक लॉक पुरतं, म्हणजे नुसती मोजणी, की किती जण वापरताहेत. पण ही दोन्ही लॉक एका हाकेपुरती. हाक आत गेली, लॉक लागलं. हाक परतली, लॉक सुटलं. हेतू एवढाच, की कर्नल काम करत असताना वस्तू त्याच्या हातून कुणी पुसून टाकू नये. तुमच्या चित्राशी त्याला देणंघेणं नाही.

आता तुमचा पहिला थ्रेड डीसीत लाल ब्रश बसवतो. दुसरा त्याच डीसीत निळा बसवतो. पहिला आयत काढतो. तिन्ही हाका यशस्वी, लॉकची कुठेच तक्रार नाही, आणि आयत निळा. त्यातून दोघे एकाच क्षणी आत घुसले, तर दुसऱ्याची हाक वाट न पाहता अपयशी होऊन परतू शकते. उत्तर तपासलं नाहीत तर एखादी रेघ गायब, तीही शंभरातून एकदा. असला बग शोधायला बसण्यापेक्षा मी दाढदुखी पत्करेन.

माझा नियम साधा आहे: एक थ्रेड, एक डीसी. प्रत्येक थ्रेडने आपला मेमरी डीसी (पडद्याबाहेरचा फलक) आणि आपला बिटमॅप घ्यावा, आणि तयार चित्र एकाच ठिकाणी चिकटवावं. भोवती क्रिटिकल सेक्शन (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारं कुलूप) लावूनही काम होतं, पण महिन्याभराने कुणीतरी घाईत नवी हाक त्याच्या बाहेर लिहितो. तो कुणीतरी बहुधा मीच असतो.

याच्याच शेजारचा खड्डा: चित्र काढणाऱ्या हाका दर वेळी लगेच कर्नलकडे जात नाहीत, थ्रेडपाशी साठून मग एकगठ्ठा जातात. डीआयबी सेक्शनच्या (ज्या बिटमॅपचे पिक्सेल थेट मेमरीत मिळतात त्याच्या) पिक्सेलना थेट हात लावणार असाल तर आधी जीडीआयफ्लश करा, म्हणजे साठलेलं काम पाठवून द्या. नाहीतर तुम्ही लिहिलेल्या पिक्सेलवर मागून आलेलं जुनं काम येऊन बसेल.

एकेका ओळीत निपटतील अशा

डब्ल्यूएम सीटीएलकलर संदेशाला (‘हा कंट्रोल कोणत्या ब्रशने रंगवू?’ असं विचारणाऱ्या) दर वेळी नवा ब्रश बनवून देऊ नका. एकदा बनवा, खिडकी मिटताना पुसा.

डब्ल्यूएम सेटफॉन्टने फॉन्ट कंट्रोलच्या मालकीचा होत नाही, तो पुसायचं काम तुमचंच राहतं.

खिडकीला आकार देणारं सेटविंडोआरजीएन यशस्वी झालं की उलटा प्रकार: रीजन आता सिस्टिमचं, त्याला हात लावू नका.

स्टॉक वस्तू, म्हणजे विंडोजने आधीच बनवून ठेवलेल्या, पुसायची गरज नाही. पुसल्यात तरी बिघडत नाही, फक्त तुम्ही नवखे आहात हे कळतं.

बिटमॅपचं हँडल संदेशातून दुसऱ्या प्रोसेसला धाडू नका. टेबलात मालकाचा प्रोसेस क्रमांक नोंदलेला असतो, दुसऱ्या प्रोसेसला ते हँडल चालणार नाही.

पुसलेल्या हँडलचा चल (व्हेरिएबल) तिथल्या तिथे शून्य करा. शिक्का फक्त ८ बिटांचा आहे. तोच खण २५६ वेळा फिरला की शिक्का पुन्हा जुळतो, आणि ‘खात्रीसाठी दोनदा पुसतो’ म्हणणाऱ्याच्या हातून स्वतःचाच ताजा ब्रश जातो.

आणि तपासणी? साधन नंतर शोधा. खिडकी उघडा, मिटा, कॉलममधला आकडा लिहून घ्या. मग तेच पन्नासदा करा. पहिल्या एक-दोन वेळा आकडा थोडा चढेल, काही वस्तू कॅशमध्ये राहतात. त्यानंतर तो पन्नास किंवा शंभरने वर गेला असेल, तर एका फेरीला किती हँडल गळतात ते भागाकार करून कळतं. कोणत्या जातीची गळतात ते पाहायला लॉगमध्ये छापा आणि मधला बाइट वाचा.

त्या भिंतीवरच्या स्क्रीनवर हा आकडा आता सहाशेच्या आसपास थांबलेला असतो. रात्री दोनचा रीस्टार्ट मात्र अजून लावलेलाच आहे, कारण तो काढायची कुणाची छाती होत नाही.