जुन्या शहराच्या गाभ्यातून मोटारी कमी करताना या चुका टाळा

जुन्या शहरांच्या गाभ्यातील मोटारींची गर्दी कमी करण्याचे आराखडे बहुधा चांगल्या हेतूने तयार होतात आणि त्याच त्या चुकांपायी बासनात जातात.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे एकच देखणा रस्ता निवडून तो पादचाऱ्यांसाठी मोकळा करणे आणि भोवतालच्या बोळांचा विचारच न करणे. गाभ्यात शिरणाऱ्या अनेक मोटारचालकांचे तेथे काहीच काम नसते. शहराच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जाण्याची ती केवळ जवळची वाट असते. मी जवळून पाहिलेल्या एका योजनेत मुख्य बाजाररस्त्याच्या दोन्ही तोंडांशी मोटारी अडवणारे खांब रोवले गेले, फरसबंदी झाली आणि थाटामाटात उद्घाटनही झाले. आरपार जाणारी सारी वाहतूक मग मागच्या बोळांत घुसली, जेथे दोन गाड्या समोरासमोर आल्या की एकीला मागे सरकावे लागे. तेथील रहिवासी संतापले, खांब उपटले गेले आणि पुढे कोणतीही नवी योजना मांडली की बैठकीत तोच प्रसंग सुनावला जाऊ लागला.

खरे तर याचे उत्तर नेदरलँड्समधील ग्रोनिंगेनने 1977 मध्येच दिले होते. तेथे गाभ्याचे चार भाग पाडण्यात आले. एका भागातून दुसऱ्या भागात मोटारीने थेट जाता येत नाही, बाहेरच्या वळणरस्त्यावर येऊन पुन्हा आत शिरावे लागते, मात्र पायी किंवा सायकलने सरळ जाता येते. बेल्जियममधील गेंटने एप्रिल 2017 मध्ये हेच तत्त्व गाभ्याभोवतीचे सहा भाग करून लागू केले. म्हणून कोणताही नवा आराखडा हाती आला की मी आधी पेन्सिलीने एका वेशीपासून समोरच्या वेशीपर्यंत मोटारीची वाट शोधतो. ती सापडली, तर फरसबंदीच्या रंगावर चर्चा करण्यात मला रस नसतो.

दुसरी चूक म्हणजे रस्त्यावरील गाड्या उचलण्यासाठी गाभ्यातच बहुमजली वाहनतळ बांधणे. आत हमखास जागा मिळते असे कळले की लोक मोटारीनेच येतात, आणि एकदा कर्ज काढून इमारत उभी राहिली की तिचे उत्पन्न टिकवण्यासाठी पालिकेलाच मोटारी हव्याशा वाटू लागतात. स्पेनमधील पोंतेवेद्राने 1999 पासून महापौर मिगेल आन्शो फर्नांदेझ लोरेस यांच्या कारकिर्दीत उलट मार्ग धरला: विनाशुल्क वाहनतळ कडेला ठेवले आणि तेथून चालायला किती मिनिटे लागतात हे दाखवणारा, मेट्रोच्या नकाशासारखा नकाशा काढला. अंतर वाटते त्याहून कमी असते, हे लोकांना तो नकाशा पटवून देतो.

माल चढवण्या-उतरवण्याची वेळ ठरवली नाही, तर खांब पहिल्याच आठवड्यात वाकतात. सकाळचे ठरावीक तास द्यावेत. अपंग व्यक्ती आणि रुग्णवाहिका यांची सोय मूळ नकाशातच हवी, तक्रारी आल्यानंतर नव्हे. ग्राहक कसे येतात हे केवळ दुकानदारांना विचारू नये, कारण मोटारीने येणाऱ्यांचे प्रमाण ते जास्त सांगतात, असे अनेक पाहण्यांत दिसले आहे. प्रश्न ग्राहकांनाच विचारावा.

एका रविवारी रस्ता बंद ठेवून त्याला प्रयोग म्हणणाऱ्या उतावळ्यांशी माझे कधीच जमले नाही. सुटीच्या एका दिवसात कोणाची कामावर जाण्याची सवय बदलत नाही, आणि पहिल्या आठवड्यातील गोंधळावरून निकाल देणेही तितकेच चुकीचे आहे. स्टॉकहोमने गर्दीशुल्काचा, म्हणजे शहराच्या मध्यभागी ये-जा करणाऱ्या मोटारींकडून शुल्क घेण्याचा, प्रयोग जानेवारी ते जुलै 2006 असा सलग चालवला आणि सप्टेंबरमध्ये मत घेतले. आधी विरोधात असलेल्या शहराने तेव्हा बाजूने कौल दिला. कोपनहेगनमधील स्ट्रॉयेट हा रस्ताही 1962 मध्ये आधी प्रयोग म्हणूनच बंद झाला आणि 1964 मध्ये कायम झाला. मात्र प्रयोग सुरू होण्यापूर्वी मुख्य रस्त्याबरोबर मागच्या बोळांतील वाहनेही मोजून ठेवावीत, नाहीतर गर्दी घटली की नुसती सरकली, हे नंतर कोणालाच सांगता येत नाही.