सीताबर्डीच्या लढाईवरील कादंबरी मालिकेत कशी उतरवावी

युद्धावरील ऐतिहासिक कादंबरी हाती आली की प्रकरणे मोजून त्यांचे भाग पाडण्याची घाई होते आणि घोळ तिथेच सुरू होतो. कादंबरीतील प्रकरण पात्राच्या मनाच्या चालीने लांबते किंवा आटोपते. मालिकेचा अर्ध्या तासाचा भाग मात्र जाहिराती वजा जाता उरणाऱ्या २०-२२ मिनिटांत बसवावा लागतो. म्हणून आधी सर्व घटना तारखेनुसार आणि शक्य तिथे प्रहरानुसार मांडून घ्याव्यात.

नागपूरचे भोसले आणि इंग्रजांची ईस्ट इंडिया कंपनी यांच्यातल्या सीताबर्डीच्या लढाईत हे काम सोपे आहे. २६ नोव्हेंबर १८१७ च्या सायंकाळी ती पेटली, रात्रभर चालली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी संपली. २७ च्या सकाळी भोसल्यांच्या अरब शिपायांनी तिथल्या दोन टेकड्यांपैकी लहान टेकडी इंग्रजांकडून घेतली व पुढे गमावली, म्हणजे उलटापालटही आयतीच मिळते. अंधारात मशाली, बंदुकांचे जाळ आणि आवाज यांवर शंभरेक ज्युनिअर आर्टिस्टांत फौज उभी करता येते. व्हीएफएक्सचा पैसा सकाळच्या दृश्यांसाठी राखून ठेवावा. चित्रीकरण अर्थातच दुसरीकडे करावे लागेल, कारण आज टेकडीभोवती बाजारपेठ आणि रेल्वे स्थानक आहे, आणि किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे.

खरी कसोटी नागपूरचे राजे आप्पासाहेब भोसले यांच्या पात्राची आहे. हल्ला आपल्या हुकमाने झाला नाही, अशी भूमिका त्यांनी पराभवानंतर रेसिडेंट, म्हणजे दरबारातील कंपनीचा प्रतिनिधी, जेन्किन्स याच्यापुढे घेतली. कादंबरीकार या संशयावर दहा पाने लिहू शकतो आणि शेवटपर्यंत निकाल न देता वाचकाला त्यात गुंतवून ठेवू शकतो. पडद्यावर आप्पासाहेबांना दिवाणखान्यात बसवून संवाद दिला की निकाल लागलाच: हुकूम दिला किंवा दिला नाही. अशा वेळी निवेदकाच्या आवाजात त्यांचे विचार ऐकवणे हा आळशी उपाय आहे. त्याऐवजी कॅमेरा वाड्यातून बाहेर काढून टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या जमादाराजवळ ठेवावा. घोडेस्वार येतो, वाकून दोन शब्द कानात सांगतो, जमादार क्षणभर वाड्याच्या दिशेने पाहतो आणि तोफेला बत्ती देण्याची खूण करतो. ते शब्द प्रेक्षकाला ऐकू येऊ देऊ नयेत.

भाषेबाबत एवढेच, की नागपूरच्या दरबाराला शनिवारवाड्यातली बोली चिकटवू नये आणि साध्या शिपायाच्या तोंडी वऱ्हाडी वळण येऊ द्यावे.

कादंबरी २७ नोव्हेंबरला संपत असेल आणि वाहिनीने भाग वाढवायला सांगितलेच, तर काल्पनिक प्रेमप्रकरण घुसडण्याआधी इतिहासाकडे पाहावे: १६ डिसेंबरची नागपूरची लढाई आहे, आणि १८१८ मध्ये कंपनीच्या कैदेतून शिपायाच्या वेषात निसटून महादेवाच्या डोंगरात गेलेले आप्पासाहेबही आहेत.