जनावर चोरीला गेलं? या चुका टाळा

जनावराच्या चोरीतली मोठी चूक चोरीच्या कितीतरी आधी झालेली असते. गाय आपली आहे हे सगळ्या गावाला ठाऊक असतं, कागदावर मात्र कुठेच नसतं. परजिल्ह्यात अडवलेल्या टेम्पोतली गाय तुमचीच, हे तिथल्या हवालदाराला कशावरून पटावं?

कानातला पिवळा बिल्ला आणि त्यावरचा १२ अंकी क्रमांक हा त्यातल्या त्यात सोपा पुरावा. पण विकत घेतलेल्या जनावराची ऑनलाइन नोंद बऱ्याचदा जुन्या मालकाच्याच नावावर राहते. बाजाराची पावती खिशात आली की आपण निर्धास्त होतो. पावती जपाच, पण पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन ‘भारत पशुधन’ या सरकारी ऑनलाइन नोंदीत नावही बदलून घ्या. चोर बिल्ला कापून टाकतो, म्हणून फोटो हवेतच: दोन्ही कुशींचे, शिंगांचे, कपाळावरच्या भोवऱ्याचे. नाकाच्या ओल्या भागावरच्या रेषा प्रत्येक जनावराच्या वेगळ्या असतात, अगदी आपल्या अंगठ्यासारख्या. नाक पुसून त्यांचाही जवळून एक फोटो काढून ठेवा.

दावं रिकामं दिसलं की आधी कोंडवाडा बघा. सुटून गेलेलं जनावर तिथे असू शकतं, आणि मुदतीत कुणी मागितलं नाही तर त्याचा लिलाव होतो. तिथे नसेल तर त्याच दिवशी पोलिस ठाणं. ‘दोन दिवस पाहुण्यारावळ्यांत विचारू’ म्हणेपर्यंत जनावर दुसऱ्याच्या दावणीला जातं.

ठाण्यात नुसता अर्ज देऊन शिक्का मारलेली पोच घरी आणणं म्हणजे गुन्हा नोंदवणं नव्हे. एफआयआरची प्रत मागा, ती फुकट मिळते. हद्दीचं कारण सांगितलं तर शून्य क्रमांकाने, म्हणजे कुठल्याही ठाण्यात, गुन्हा नोंदवता येतो; तो मग योग्य ठाण्याकडे पाठवला जातो. तरीही टाळाटाळ झाली तर तक्रार टपालाने पोलिस अधीक्षकांकडे पाठवा.

फिर्यादीत ‘एक गाय, रंग पांढरा’ एवढंच लिहून काय उपयोग? ‘डावं शिंग टोकाला मोडलेलं, उजव्या मांडीवर डागणी, पाच महिन्यांची गाभण’ असं लिहा. किंमतही विचार करून सांगा. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ खाली ५,००० रुपयांपेक्षा कमी किमतीची चोरी अदखलपात्र ठरते, म्हणजे न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिस तपास करू शकत नाहीत. शेळी गेली की लोक संकोचाने कमी आकडा सांगतात आणि इथेच अडकतात. फुगवू नका, पण बाजारभाव असेल तो सांगा. जनावर उघड्यावर बांधलं होतं की बंदिस्त गोठ्यात, हेही लिहायला विसरू नका. इमारतीतून झालेल्या चोरीला कलम ३०५ लागू शकतं आणि त्यात ७ वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

चोर हाती लागला तर झोडपू नका. गुन्हा उलटून तुमच्यावरच दाखल होतो. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत त्याला ६ तासांच्या आत पोलिसांच्या ताब्यात देण्याचं बंधन आहे.

घेणाऱ्यानेही भुलू नये. रात्रीचा सौदा, निम्मा भाव, कानाला ताजी जखम... एवढं दिसत असताना घेतलं तर ‘मला माहीत नव्हतं’ कोण ऐकणार? चोरीचा माल घेणं हा कलम ३१७ चा गुन्हा आहे. जनावर मूळ मालकाकडे जातं आणि पैसेही बुडतात.

जनावर सापडलं तरी ते लगेच सोडून आणता येतं असं नाही. ते मुद्देमाल, म्हणजे खटल्यातला पुरावा असतं. कोर्टात अर्ज करून सुपूर्दनाम्यावर, म्हणजे मागतील तेव्हा हजर करण्याच्या लेखी हमीवर, ताबा घ्यावा लागतो, आणि कोर्टाच्या परवानगीशिवाय ते विकता येत नाही.