आयपी अ‍ॅड्रेस लिहिताना आणि तपासताना या चुका टाळा

यादी एकसारखी दिसावी म्हणून आयपी अ‍ॅड्रेसमध्ये, म्हणजे नेटवर्कवरच्या मशीनच्या आकडी पत्त्यात, आकड्यांच्या पुढे शून्य लावू नका. सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक हीच. १९२.१६८.१०.२० हा पत्ता कुणीतरी १९२.१६८.०१०.०२० असा लिहून ठेवतं. सी भाषेच्या जुन्या प्रथेनुसार शून्याने सुरू होणारा आकडा ऑक्टल, म्हणजे आठच्या पायाचा धरला जातो. लिनक्सवर पिंग केलं, म्हणजे मशीन उत्तर देतंय का ते तपासलं, की तोच पत्ता १९२.१६८.८.१६ होतो आणि आपण भलत्याच मशीनची केबल तपासत बसतो. ०८ किंवा ०९ लिहिलं असेल तर निदान एरर येते, कारण ऑक्टलमध्ये ८ आणि ९ हे अंकच नाहीत. ०१० मात्र गुपचूप चालून जातं, म्हणून ते जास्त धोक्याचं.

पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या आयपीअ‍ॅड्रेस मॉड्यूलने ३.९.५ पासून आणि गो भाषेने १.१७ पासून असे शून्य नाकारायला सुरुवात केली. अपग्रेडनंतर चालती स्क्रिप्ट अडली, तर आधी कॉन्फिग फाइलमधले शून्य शोधा. जुन्या आवृत्तीवर परत जाऊ नका. नकार देणं हेच बरोबर आहे.

दुसरी चूक सुरक्षेची आहे आणि ती मला अधिक गंभीर वाटते. आयपीव्ही४ पत्ता, म्हणजे वर दिलेला चार आकड्यांचा नेहमीचा पत्ता, मुळात ३२ बिटांची एकच संख्या. चार आकडे आणि मधले टिंब ही फक्त वाचायची सोय. त्यामुळे १२७.०.०.१, १२७.१ आणि २१३०७०६४३३ हे तिन्ही एकच: मशीनचा स्वतःसाठीचा पत्ता. ब्राउझरच्या अ‍ॅड्रेस बारमध्ये http:// लावून तो लांबलचक आकडा टाकला तरी ब्राउझर स्वतःच्याच मशीनकडे जातो. हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पायात, लिहिलं तरी तेच. आता बाहेरच्या कुणी सर्व्हरला स्वतःशीच जोडायला लावू नये म्हणून त्यावर ‘१२७.०.०.१ दिसलं तर अडवा’ असा मजकूर जुळवणारा फिल्टर असेल, तर तो काय अडवणार? आयपीव्ही६, म्हणजे नव्या लांब पत्त्यांच्या, वेशात तोच पत्ता ::एफएफएफएफ:७एफ००:१ असा आला तरीही तो फसेल. मजकुराशी तुलना करूच नका. आलेला पत्ता आधी पार्स करून, म्हणजे त्याचे भाग वाचून, संख्येत बदला, मग ती संख्या बंदी असलेल्या रेंजमध्ये येते का ते पाहा, आणि कनेक्शनही त्याच तपासलेल्या पत्त्याशी करा. तपासणी एका लायब्ररीने आणि कनेक्शन दुसरीने केलं, तर दोघी तोच मजकूर वेगळा वाचू शकतात.

डेटाबेसमध्ये पत्ता आकडा म्हणून ठेवणार असाल तर मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये कॉलम अनसाइन्ड इंट, म्हणजे उणे संख्या नसलेला पूर्णांक, हवा. साध्या इंटमध्ये २१४७४८३६४७ च्या पुढे जागा नाही आणि १९२.१६८.१.१ चा आकडा ३२३२२३५७७७ आहे. म्हणजे १२८ पासून पुढचे सगळे पत्ते बिघडणार. प्रोग्रामिंग भाषांमध्ये पत्त्याच्या जागी उणे संख्या दिसली, तर कारण बहुधा हेच.

पत्ता उलटा दिसतोय, १२७.०.०.१ च्या जागी १.०.०.१२७? मग बाइट-ऑर्डर, म्हणजे बाइट्सचा क्रम, चुकली आहे. नेटवर्कवर मोठा बाइट आधी जातो, इंटेलच्या प्रोसेसरवर लहान बाइट आधी ठेवला जातो. म्हणून कच्च्या मेमरीतून तोच पत्ता १६७७७३४३ असा वाचला जातो. कोडमध्ये नेटवर्कचा क्रम मशीनच्या क्रमात बदलणारं ntohl हे फंक्शन विसरलं आहे की दोनदा लागलं आहे, ते बघा.